सोलांना पूट आणि मे महिन्यातला पेपर

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मराठी भाषा गौरव दिनाच्या आपल्या अंकातले बोलींविषयीचे पान वाचले. बोली जपल्या पाहिजेत, जुन्या माणसांच्या तोंडचे शब्द ती माणसे आहेत तोवर उतरवून घेतले पाहिजेत, असे त्यात कळकळीने म्हटले आहे. पान कापून वहीत ठेवले आणि दोन दिवसांनी हे पत्र लिहायला बसले. आधी वेळ मिळाला नाही. काजूच्या बिया वेचायच्या होत्या आणि मिरचीची रोपे पाण्यावाचून माना टाकू लागली होती.

मी वेंगुर्ले तालुक्यातल्या एका गावात राहते. वय ४३. लग्नाआधी बी.ए. झाले होते. त्यानंतर एकोणीस वर्षांनी, २०२४ साली, दूरस्थ शिक्षणाने एम.ए. मराठीला प्रवेश घेतला. आता दुसरे वर्ष चालू आहे. घरामागे गडग्याच्या (दगडी कुंपणाच्या) आत दोन गुंठ्यांचे परसू आहे. हिवाळ्यात त्यात लाल माठ, मुळा, वांगी, मिरची, वाल. पावसाळ्यात मांडवावर पडवळ, दोडकी, काकडी आणि विहिरीच्या पन्हळीखाली अळू. कडेने हापूसचे एक कलम, तीन रायवळ आंबे, एक फणस आणि रातांब्याची, म्हणजे कोकमाची, दोन झाडे. एप्रिल लागला की या झाडांवरून जे उतरते ते बरणीत, बाटलीत नाहीतर उन्हात जाते. कैरीचे लोणचे, खारातले आंबे, गुळांबा, आमरसाच्या बाटल्या, आंब्याचे आणि फणसाचे साठ (वाळवलेल्या रसाच्या पोळ्या), सोलां (आमसुले), आगळ (रातांब्याचा खारवलेला रस). वर्षभर आमच्या सात माणसांना पुरते आणि गणपतीला मुंबईहून आलेल्या प्रत्येकाच्या पिशवीत काहीतरी जाते.

नातेवाईक म्हणतात, दोन डगरींवर पाय ठेवू नकोस. एक तर शिक, नाहीतर घरचे बघ. त्यांचा हेतू चांगला असतो, पण ते चुकतात. या दोन डगरी नाहीतच. भाषाविज्ञानाच्या पुस्तकात मी जे वाचते ते मला परसवात ऐकू येते आणि बरणी भरताना जे ऐकते त्याचा उलगडा पुस्तकात होतो. या दोन कामांमध्ये आडवे येते ते एकच, माझे विद्यापीठ. ते दोन प्रकारे येते आणि दोन्ही सांगण्यासाठी हे पत्र आहे.

पहिला प्रकार वेळापत्रकाचा. गेल्या वर्षी, २०२५ साली, माझी उन्हाळी परीक्षा मेच्या दुसऱ्या पंधरवड्यात होती. शहरातल्या वाचकांसाठी सांगते की रातांबे एप्रिलच्या मध्यापासून पिकू लागतात आणि मेअखेरपर्यंत चालतात. फळ तोडले की थांबत नाही. दोन दिवसांत फोडावे लागते. साल वेगळी, गर आणि बिया वेगळ्या. गरात मीठ घालून रस सुटू द्यायचा, साली उन्हात टाकायच्या, वाळल्या की त्याच रसात बुडवायच्या, पिळून पुन्हा उन्हात. या एकेका बुडवण्याला पूट म्हणतात. चार-पाच पुटे बसली की साल काळपट लाल, मऊ आणि आंबट होते. तिला बाजारात आमसूल म्हणतात आणि आम्ही सोल म्हणतो. अनेकवचन सोलां. सोलकढीतला सोल तो हाच. घर-घरां, झाड-झाडां, तसे सोल-सोलां. मालवणीत नपुंसकलिंगी शब्दाचे अनेकवचन असे होते, हे मी पहिल्या वर्षाच्या टिपणात लिहिले आहे. त्या पानाला रातांब्याचा डागही आहे, तो आता जायचा नाही.

तर गेल्या वर्षी १८ आणि १९ मेला अठरा किलो रातांब्यांना दोन पुटे देऊन झाली होती. २० तारखेला आभाळ भरले आणि पाऊस सुरू झाला. एरवी जूनच्या पहिल्या आठवड्यात येणारा मोसमी पाऊस त्या वर्षी २५ मेलाच तळकोकणात दाखल झाला, हे सर्वांना आठवत असेल. २१ तारखेला माझा भाषाविज्ञानाचा पेपर होता. सकाळच्या सहाच्या एस.टी.ने निघाले, संध्याकाळी सात वाजता भिजून परत आले. सासूबाईंचे गुडघे गेले आहेत. त्यांनी आणि माझ्या मुलीने सुपे आणि चटया ओढत पडवीत आणल्या होत्या. पण पडवीत ऊन कुठले? चुलीच्या वर मांडव करून वाळवता आली असती, त्यासाठी दिवसभर घरात कोणी उभे राहायला हवे होते. २३ तारखेला दुसरा पेपर. २४ला सोलांवर पांढरा बुरा आला. सगळी माडाच्या आळ्यात टाकली. आगळ तेवढे वाचले, कारण त्यात मीठ भरपूर होते.

एका वर्षाची सोलां गेली म्हणून कोणी उपाशी राहत नाही, हे मला कळते. मी बाजारातून आणली. पण आमच्या अभ्यासकेंद्रावर माझ्यासारख्या किती बायका आहेत, ते मी परीक्षेच्या बाकांवर बसून पाहिले आहे. एकीची काजूची बाग, एकीचा आंबापोळीचा घरगुती धंदा, एकीच्या घरी कॅनिंगला आंबा पाठवायची धांदल. सगळ्यांची परीक्षा त्याच आठवड्यात. आमच्यातल्या दोघी तिसऱ्या पेपरला आल्याच नाहीत. हजेरीपत्रकात त्या गैरहजर. त्या कुठे होत्या ते मला माहीत आहे. त्या उन्हात होत्या, पाऊस यायच्या आधी.

आता दुसरा प्रकार. तो मला अधिक लागला.

दुसऱ्या वर्षी प्रकल्प करावा लागतो. मी विषय दिला होता, ‘आंबा व कोकम टिकवण्याच्या घरगुती कामातील मालवणी शब्द’. दोन पानांचा आराखडा जोडला होता. पाच गावांत बारा बायकांशी बोलायचे, त्यांची परवानगी घेऊन फोनवर ध्वनिमुद्रण करायचे, शब्द कोशात आहेत का ते तपासायचे. आराखडा परत आला. खाली शेरा होता, “विषय गृहविज्ञान शाखेचा वाटतो. भाषा-साहित्याशी संबंधित विषय निवडावा.” मुदत आठ दिवस. मी एका कादंबरीतील स्त्रीचित्रणावर प्रकल्प लिहिला. गुण चांगले मिळाले. त्यातले एकही वाक्य मला आज आठवत नाही.

शेरा लिहिणाऱ्यांवर माझा राग नाही. त्यांच्यापुढे शेकडो आराखडे असतील. पण तो शेरा चुकीचा आहे, हे मला जाहीरपणे सांगायचे आहे आणि का चुकीचा आहे तेही दाखवायचे आहे.

माझ्या सासूबाई ‘खराब’ हा शब्द अन्नासाठी वापरत नाहीत. दूध नासते. आमटी विटते. खोबरे खवट होते. बटाटा कुजतो. रवा किडतो. पापड सादळतात. गूळ पाझरतो. मुरांबा पाक जास्त झाला तर साखरतो आणि कमी झाला तर फसफसतो. लोणच्याला बुरा येतो. इडलीचे पीठ आंबले तर चांगले, आमरस आंबला तर वाईट. प्रत्येक क्रियापदामागे वेगळे कारण आहे. कुठे हवेतला ओलावा, कुठे बुरशी, कुठे कीड, कुठे तेलाचा हवेशी संबंध. या कारणांची शास्त्रीय नावे त्यांना ठाऊक नाहीत, पण क्रियापद निवडताना त्यांची चूक होत नाही. आमच्या पाठ्यपुस्तकात याला अर्थक्षेत्र म्हणतात. त्या प्रकरणात उदाहरण म्हणून रंगांची आणि नात्यांची नावे दिली आहेत. मला ती पाठ करायला महिना लागला. नासणे-विटणे-सादळणे मला कोणी शिकवावे लागले नाही.

आणि हे शब्द स्वयंपाकघरात थांबत नाहीत. मन विटते. संसार नासतो. प्रकरण कुजत ठेवतात. माणूस एखाद्या कामात मुरतो. मुरणे हा शब्द तर माझ्या दोन्ही कामांना जोडणारा आहे. लोणचे बरणीत मुरते आणि पाणी वाफ्यात मुरते. दोन्हीकडे एक वस्तू दुसरीत हळूहळू शिरते, दिसेनाशी होते आणि तिचे काम करते. म्हणूनच कुठे काही काळेबेरे असले की आपण म्हणतो, कुठेतरी पाणी मुरतेय. हे मला उत्तरपत्रिका लिहिताना सुचले नाही. मिरचीच्या वाफ्याला पाणी सोडून, ते जिरायची वाट बघत उभी असताना सुचले.

बेगमी हा दुसरा शब्द. पावसाळ्याआधी भरून ठेवायचे धान्य, लाकूडफाटा, सुकी मासळी, सोलां, मिरची, हे सगळे म्हणजे आमची बेगमी. आगोट, म्हणजे पावसाळ्याची सुरुवात, जवळ आली की घराघरांत हाच विषय. शब्द फारसीतला. गम म्हणजे चिंता, बे-गम म्हणजे चिंता नसलेला, त्यापासून बेगमी, म्हणजे निश्चिंती. मनाच्या अवस्थेचे नाव फडताळातल्या वस्तूंना मिळाले. आमच्या खालच्या बाजूला गोव्यात याच साठवणीला पुरुमेंत म्हणतात, ते पोर्तुगीज ‘प्रोविमेंतू’वरून आले. मडगावात मे-जूनच्या सुमारास पुरुमेंताचे फेस्त (जत्रा) भरते. तिथे मिरच्या, सुकी मासळी, आमसुले, कांद्याच्या माळा यांच्या राशी असतात. शंभर किलोमीटरच्या आत एकाच कामाला एकीकडे फारसी शब्द, दुसरीकडे पोर्तुगीज. कोणाचे राज्य कुठे होते ते फडताळात कळते.

मुरांब्याचेही तसेच. मूळ शब्द अरबी, मुरब्बा, फारसीतून आपल्याकडे आला. मराठी माणसाच्या कानाला त्यात आंबा ऐकू आला. मग मुरांबा झाला आणि त्या धाटणीवर गुळांबा, साखरांबा असे आपले अस्सल शब्द तयार झाले. अभ्यासक्रमात लोकव्युत्पत्ती (परका शब्द ओळखीच्या शब्दासारखा करून घेणे) हा घटक आहे, परीक्षेत त्यावर टीपही विचारतात. माझ्या फडताळात तिन्ही बरण्या एका ओळीत आहेत.

कॅनिंग हा आजचा शब्दही मी वहीत घेतला आहे. आमच्याकडे त्याचा अर्थ नुसता ‘डबाबंद करणे’ असा राहिलेला नाही. पेटीत न बसणारा, डागाचा, लहानमोठा आंबा किलोवर कारखान्याला जातो, तो कॅनिंगचा आंबा. “यंदा निम्मा कॅनिंगला गेला” असे बागायतदार म्हणतो, तेव्हा ते वाक्य हिशेबाचे असते आणि दुःखाचेही असते. इंग्रजी शब्द कोकणात येऊन पन्नास वेळा आपल्या तोंडातून गेला आणि त्याला आपल्या मातीचा अर्थ चिकटला. यावर कोणी लिहिणार की नाही?

माझ्या वहीत आजवर २१२ शब्द आहेत. डेख, म्हणजे आंब्याचा देठ, जो ठेवूनच आंबा उतरवायचा, नाहीतर चीक सालीवर ओघळून डाग पडतो. घळ, म्हणजे आंबा उतरवायची जाळीची काठी. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने तिची सुधारित रूपे केली, त्यांच्यामुळे झेला हा शब्द आता तरुण मुलांच्या तोंडी आहे. घळ म्हणणारे साठीच्या पुढचे आहेत. आढी, गवतात लावलेले आंब्यांचे थर. साका, हापूसच्या गरात होणारा पांढरट, आंबूस भाग, जो बाहेरून दिसत नाही. दादरा, बरणीच्या तोंडावर बांधायचे फडके. सट, रुंद तोंडाची चिनी मातीची बरणी. पूट हा शब्द वैद्यकातही आहे. भस्म करताना औषधाला पुटे देतात. वैद्याच्या आणि माझ्या सासूबाईंच्या तोंडी एकच शब्द कसा, हे शोधायचे माझ्या मनात होते. प्रकल्पाच्या आराखड्यात ते सहाव्या ओळीत लिहिले होते.

आणि हे काही मी नवे शोधलेले काम नाही. मोल्सवर्थ साहेबाने १८३१ साली मराठी-इंग्रजी कोश छापला आणि १८५७ साली वाढवून पुन्हा काढला, तेव्हा त्याने पंडितांना हाताशी धरून लोकांच्या बोलण्यातले शब्दही घेतले. यशवंत रामकृष्ण दाते आणि चिंतामण गणेश कर्वे यांच्या महाराष्ट्र शब्दकोशाचे सात खंड १९३२ ते १९३८ या काळात निघाले. त्यात प्रांतोप्रांतीचे शब्द आहेत. डॉ. अमृत माधव घाटगे यांनी मराठीच्या बोलींची पाहणी केली, त्यातले कुडाळीवरचे पुस्तक १९६५ सालचे. कुडाळ आमच्यापासून एस.टी.ने तासाभरावर. माझ्या सासूबाई तेव्हा सोळा-सतरा वर्षांच्या असतील. अलीकडे पुण्याच्या डेक्कन कॉलेजने आणि राज्य मराठी विकास संस्थेने मिळून बोलींचे सर्वेक्षण केले, गावोगावच्या माणसांचे आवाज ध्वनिमुद्रित केले. ही सगळी माणसे गृहविज्ञान करत नव्हती. ३ ऑक्टोबर २०२४ला मराठीला अभिजात दर्जा मिळाला, तेव्हा आमच्या अभ्यासकेंद्रावर पेढे वाटले. मीही वाटले. मग ज्या कामावर ही भाषा उभी आहे, ते काम एम.ए.च्या विद्यार्थिनीला का नाकारावे?

मी अभ्यास कसा करते, असे मला बायका विचारतात. त्यातल्या काहींना शिकायचे असते, म्हणून थोडे लिहिते. पहाटे साडेचारला उठते. साडेपाचपर्यंत वाचते. उजाडले की वाफ्यांना पाणी. दुपारी घर निजले की टिपणे. एप्रिल-मेमध्ये हे सगळे बदलते. रातांबे फोडताना हात लाल आणि चिकट असतात, पान उलटता येत नाही. तेव्हा फोनवर तासांची ध्वनिमुद्रणे लावते, नाहीतर मुलगी समोर बसून वाचते आणि न कळलेल्या शब्दाला थांबते. तिचे थांबणे मला उपयोगी पडते. जिथे ती अडते तिथे मलाही नीट कळलेले नसते.

आमरसाच्या बाटल्यांचे काम अभ्यासाला सर्वांत सोयीचे. रस मंद आचेवर ढवळत गरम करायचा, किलोला चार-पाच ग्रॅम सायट्रिक ॲसिड घालायचे, आधी उकळून घेतलेल्या बाटल्यांत गरम असतानाच भरायचा, तोंडाशी बोटभर जागा सोडायची, यंत्राने बूच दाबायचे. मग मोठ्या टोपात तळाला फडके घालून बाटल्या पाण्यात उभ्या करायच्या आणि अर्धा तास उकळी ठेवायची. त्या अर्ध्या तासात चुलीजवळून हलता येत नाही. भाषाशास्त्रज्ञ सोस्यूरचे ‘लांग’ आणि ‘पारोल’ मी अशा चार टोपांत वाचून संपवले. भाषेची सर्वांच्या डोक्यातली व्यवस्था वेगळी आणि एकेका माणसाचे प्रत्यक्ष बोलणे वेगळे, असे तो सांगतो. पाचवा टोप चढवला तेव्हा शेजारच्या काकी आल्या आणि म्हणाल्या, “रस आटलो काय गो?” मी ते ‘आटलो’ लगेच पुस्तकाच्या समासात लिहिले.

इथे एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही, कारण तिच्यात जिवाला धोका आहे. याच पद्धतीने वालीच्या शेंगा किंवा मटार बाटलीत भरून ठेवावेत का, असे मला दोघींनी विचारले. अजिबात ठेवू नयेत. आंबा, कोकम, लिंबू ही फळे आंबट. ज्या पदार्थाचा सामू (आंबटपणाचे माप, जितके कमी तितका पदार्थ आंबट) ४.६ किंवा त्याहून कमी, त्यात बॉट्युलिझम या जीवघेण्या विषबाधेचे विष तयार करणारे जंतू वाढत नाहीत. शेंगा आणि भाज्यांना तेवढा आंबटपणा नसतो. त्या जंतूंचे बीजाणू पाण्याच्या उकळीने मरत नाहीत, त्यासाठी दाबाखाली १२१ अंशांची उष्णता लागते. बाटलीला वास आला नाही, रंग बदलला नाही, तरी आत विष असू शकते. आपल्या जुन्या बायका भाज्या वाळवत आल्या, बाटलीत भरत आल्या नाहीत. वालाच्या शेंगा वाळवा, मिरच्या ताकात घालून उन्हात टाका. आमरसातही सायट्रिक ॲसिड मी चवीसाठी घालत नाही. पूर्ण पिकलेल्या हापूसचा आंबटपणा कधी कधी फार उतरतो, म्हणून घालते.

आता विनंत्या लिहिते. आपल्या वृत्तपत्रातून त्या विद्यापीठांच्या परीक्षा मंडळांपर्यंत आणि मराठीच्या अभ्यासमंडळांपर्यंत पोचतील, अशी आशा आहे.

कोकणातल्या केंद्रांवरची दूरस्थ विद्यार्थ्यांची उन्हाळी परीक्षा १० एप्रिलच्या आत संपवावी. ते जमत नसेल तर ज्यांना मे जमत नाही त्यांना हिवाळी सत्रात पहिलीच संधी म्हणून बसू द्यावे. गुणपत्रिकेवर त्याची नापासासारखी खूण नको. हिवाळी सत्राविषयीही लिहिताना भान ठेवते, की ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये आमच्याकडे भातकापणी असते. डिसेंबरचा पहिला पंधरवडा बहुतेकांना चालेल. कृषी विद्यापीठाला हंगाम कळतो, मग भाषा शिकवणाऱ्या विद्यापीठाला तो कळू नये असे काही नाही. दूरस्थ शिक्षण काढलेच ते घर-शेती सांभाळून शिकणाऱ्यांसाठी.

आणि प्रकल्पाच्या यादीत व्यवसायबोलींना नावानिशी जागा द्यावी. मासे सुकवणाऱ्या बायकांची बोली, काजू फोडणाऱ्या बायकांची बोली, मिठागरातली बोली, लोणची-पापड घालणाऱ्या गटांची बोली. विद्यार्थी त्या घरातलेच असतात. त्यांना ग्रंथालयात दूर जावे लागत नाही, ध्वनिमुद्रणासाठी प्रवासखर्च लागत नाही, आणि माहिती देणारी बाई त्यांना परकी समजून जपून बोलत नाही. घाटगे यांच्या काळच्या संशोधकांना ही सोय नव्हती. विद्यापीठाला ती फुकट मिळते आहे.

एक कबुली द्यायची राहिली. २१ मेच्या त्या पेपरात ‘बोली आणि प्रमाणभाषा’ यावर पंधरा गुणांचा प्रश्न होता. बाहेर पाऊस कोसळत होता, घरी सोलां पडवीत होती आणि माझ्या डोक्यात पूट, आगळ, आगोट हे शब्द फिरत होते. मी ते लिहिले नाहीत. पुस्तकातली वऱ्हाडी आणि अहिराणीची उदाहरणे लिहिली, कारण तपासणाऱ्याला ती ओळखीची वाटतील अशी खात्री होती. मला त्या प्रश्नात अकरा गुण मिळाले असावेत असा अंदाज आहे. आपली भाषा परीक्षेत लिहायला घाबरले, याची लाज मला सोलां गेल्याच्या दुःखापेक्षा अधिक दिवस पुरली. म्हणूनच प्रकल्पाचा तो विषय मी निवडला होता.

विषय नाकारला तरी वही मी चालू ठेवली आहे. हापूसला यंदा मोहोर उशिरा आला, फळ वाटाण्याएवढे आहे. रातांब्याच्या एका झाडाला फूल बरे आहे. दुसरे झाड नर आहे असे या वर्षी पक्के कळले, त्याला कधीच फळ धरणार नाही. सासूबाईंना ते केव्हाच माहीत होते. मी विचारले नव्हते म्हणून त्या बोलल्या नाहीत.

त्या आता ७८ वर्षांच्या आहेत. काम करताना बोलतात. नुसते समोर बसवून विचारले तर ‘काय आठवत नाय गो’ म्हणतात. पुटे देताना, हात रसात असताना, त्यांना शब्द आपोआप येतात. एकेका पुटाला रसाचा दाटपणा कसा ओळखायचा, यासाठी त्यांच्याकडे तीन-चार शब्द आहेत, जे मी गेल्या वर्षी पावसामुळे ऐकलेच नाहीत. यंदा त्यांच्या शेजारी बसून फोन चालू ठेवायचा आणि पहिल्या पुटापासून शेवटच्या पुटापर्यंत सगळे उतरवून घ्यायचे, असे आमच्या दोघींचे ठरले आहे. रातांबे मेच्या दुसऱ्या आठवड्यात फोडायला येतील. परीक्षेचे वेळापत्रक परवा लागले. माझा पहिला पेपर १२ मेला आहे.

आपली नम्र,
एम.ए. मराठी, द्वितीय वर्षाची एक विद्यार्थिनी,
वेंगुर्ले तालुका, जि. सिंधुदुर्ग
(निकाल अजून लागायचा आहे, म्हणून कृपया नाव छापू नये.)